प्रोसेसर लावल्यापासून 'स', 'श' कानात टोचतात, काय करू?

नेरुळकर_एफएम: नमस्कार मंडळी, नेरुळला कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर टेक्निकल बघतो, 50 वॅटचा ट्रान्समीटर आहे. पाम बीच रोडला गाडीत मुंबईची स्टेशनं दणदणीत वाजायची आणि आमचं आलं की व्हॉल्यूम वाढवायला लागायचा, म्हणून पीसीवर स्टिरिओ टूल टाकलं, म्हणजे आवाज घट्ट, मोठा करणारा सॉफ्टवेअर प्रोसेसर. आवाज मोठा झाला पण आता आरजे 'सुप्रभात श्रोतेहो' म्हणाली की नुसती शिट्टी, आणि ती श्वास घ्यायला थांबली की स्टुडिओच्या एसीची घरघर वर वर चढत येते. कॉम्प्रेशन कमी केलं की परत बारीक 😩

ठाणेकर_साउंडवाला: एसी एजीसीमुळे वर येतोय, म्हणजे प्रोसेसरमधला आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग. बोलणं थांबलं की त्याला वाटतं आवाज पडला, मग बसतो गेन (आवाजाची वाढ) चढवत. गेट लाव. आणि आरजेला माइकच्या जवळ बसव रे, चार बोटांवर, आमच्याकडे एक जण वीतभर लांब रेलून बोलायचा, त्याच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू यायची. माइकला 80 हर्ट्झचा हाय-पास पण टाक, त्याखालची घरघर कापतो.

जुना_ट्रान्समीटर: शिट्टीचं वेगळं वाटतंय. प्री-एम्फसिस दोनदा तर होत नाहीये ना? एफएमला वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम उचलून पाठवतात, रेडिओ त्या परत खाली आणतो, म्हणजे खरखर कमी होते. आपल्याकडे 50 मायक्रोसेकंद, म्हणजे 15 किलोहर्ट्झला जवळपास 14 डीबी उचल. प्रोसेसरनेही उचललं आणि ट्रान्समीटरनेही, तर रेडिओ एकदाच उतरवणार, बाकीचं तुमच्या कानात. प्रोसेसरमध्येच ठेवा, त्याच्या क्लिपरला (आवाजाची टोकं छाटणारा) पीक कळायला हवेत, ट्रान्समीटर फ्लॅट करा. नंतर डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते) 75 किलोहर्ट्झच्या वर जात नाही ना तेही बघून घ्या.

नेरुळकर_एफएम: दादा पाया पडतो!! ट्रान्समीटरच्या मेनूत प्री-एम्फसिस चालू होतं आणि तेही 75 मायक्रोसेकंदवर, अमेरिकेचं सेटिंग, कंपनीतून आलं तसंच राहिलेलं, कोणी बघितलंच नव्हतं. बंद केल्या केल्या शिट्टी गायब. पण माइकवर गेट लावला तर आता 'नमस्कार'मधला शेवटचा र गिळला जातोय.

ठाणेकर_साउंडवाला: अरे तो गेट नाही, तो नॉइज गेट, आवाजच कापतो. मी एजीसीच्या आतला म्हणतोय, तो काही कापत नाही, आवाज पडला की गेन आहे तिथेच धरून ठेवतो. त्याचा थ्रेशोल्ड एसीच्या किंचित वर ठेव. आणि व्हॉट्सॲपवरून आलेली गाणी लावत असशील तर आधी ती काढ, मल्टिबँडमधून (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या दाबणारा प्रोसेसरचा भाग) गेली की गुळण्या केल्यासारखी वाजतात.

नेरुळकर_एफएम: लावतो 🙈 उद्याच सीड्या शोधतो