टॅलेंटेड, तयार, गुणी, प्रतिभावान: गाण्या-वाजवण्यातलं नेमकं काय?

तंबोरा:
एका भाषांतरात अडकलोय. प्रसंग साधा आहे. अमुक एक वादक खरोखर ‘टॅलेंटेड’ आहे की नाही, यावरून दोन मित्रांचं वाजतं. आधी ‘प्रतिभावान’ लिहिलं, पण तो मानपत्रातला शब्द वाटला. ‘हुशार’ म्हटलं तर वादक परीक्षेत पहिला आलाय असं वाटतं. ‘गुणी’ लिहिलं तर सांगितलेलं निमूट ऐकणारं बाळ डोळ्यांपुढे येतं. सुचवा काहीतरी. एकच शब्द हवा.

कोशकीडा:
एक शब्द मिळणार नाही. मला विचाराल तर न मिळालेलाच बरा. टॅलेंटचं मूळ ग्रीक आहे: आधी तराजू आणि वजन, मग तेवढ्या वजनाचं धन. पुढे बायबलमध्ये धनी आपल्या चाकरांना धन सोपवून जातो तो दृष्टान्त आला आणि शब्दाला ‘देवाने दिलेली देणगी’ हा अर्थ चिकटला. म्हणजे त्या शब्दात दुसऱ्या कुणीतरी दिलेलं धन बसलेलं आहे.

आपल्याकडे रुळलेले शब्द बरोबर उलट्या बाजूचे आहेत. ‘कसब’ अरबीतून आला, त्याचा अर्थच मिळवणं, कमावणं. (त्याच कसबापासून झालेल्या ‘कसबीण’ या शब्दाची आपण काय गत केली, ते वेगळंच दुखणं. पुरुषाचं कसब ते कौशल्य आणि बाईचं कसब ती बदनामी.) ‘रियाज’ही अरबी. त्या धातूचा जुना अर्थ घोड्याला वळण लावणं, माणसाळवणं. आणि अस्सल मराठी प्रयोग पाहा: आवाज ‘कमावलेला’ असतो. शरीर कमावतात, चामडं कमावतात, तसाच आवाज. ‘गाता गळा, शिंपता मळा’ ही म्हणही तेच सांगते. पाणी तोडलंत की मळा गेला.

तंबोरा:
म्हणजे उपजत असं काही नसतंच, असं आपली भाषा म्हणते?

कोशकीडा:
छे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त या गोष्टीला स्वतंत्र नाव दिलंय: ‘शारीर’. अभ्यास नसतानाही राग व्यक्त करण्याची आवाजातली ताकद. शरीराबरोबरच जन्माला येते, म्हणून शारीर. मराठीत हा शब्द आता अभ्यासकांपुरताच उरलाय, नाहीतर तुमचं काम झालं असतं.

लयवेडी:
मी तबला शिकते. आमच्यात कुणी ‘टॅलेंटेड’ म्हणत नाही, ‘तयार’ म्हणतात. ‘हात तयार आहे.’ ‘तयारीचा वाजवतो.’ मला हाच शब्द सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण तो तपासता येतो. बोल स्वच्छ निघतात का, लय वाढली तरी निकास (बोल हातातून निघण्याची पद्धत) बिघडत नाही ना, दोन्ही हातांचा तोल राहतो का. प्रतिभा कशी मोजणार?

कानसेन:
पण ‘तयारी’ आम्ही ऐकणारे कसे उच्चारतो तेही बघा. ‘तयारी जबरदस्त आहे हो…’ आणि पुढे एक क्षण शांतता. त्या शांततेत अख्खी समीक्षा होऊन जाते.

लयवेडी:
ती शांतता मला चांगली ठाऊक आहे. बहुतेकदा ती ज्यांचे हात कधी चाललेच नाहीत त्यांची असते.

कानसेन:
मान्य. घाव वर्मी बसला.

पांढरी पाच:
मूळ वादात एक मुद्दा हमखास आला असणार: ‘त्याला कुठलाही स्वर ऐकवा, तो नाव सांगतो.’ लोक यालाच टॅलेंट समजतात. ही क्षमता दुर्मीळ आहे, लहानपणीच्या संगीतशिक्षणाशी तिचा संबंध दिसतो, हे सगळं खरं. पण आपण ज्याला ‘स्वरज्ञान’ म्हणतो ते हे नव्हे. आपला सा चल आहे. कुणी पेटीवरच्या काळी एक पट्टीला सा मानून गातं, कुणी पांढरी पाचला. सा बदलला की बाकी सगळे स्वर त्याच्या मागून जातात. इथे कस लागतो तो सा धरून गंधार (ग) कुठे बसतो हे ओळखण्याचा. पंचमाला चारशे चाळीस की आणखी काही कंपनं आहेत हे सांगता येणारा माणूस गायला बसल्यावर कणसूर, म्हणजे सुरापासून कणभर ढळलेला, होऊ शकतो.

‘कणसूर’ हा शब्द मला फार आवडतो. बेसूर कुणालाही कळतो. कणसूर कळायला कान लागतो.

कोशकीडा:
आणि त्या कानालाही प्रतिभाच म्हटलेलं आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखर ‘काव्यमीमांसे’त दोन प्रतिभा सांगतो: निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. तानसेन आणि कानसेन म्हणा ना.

तंबोराराव, तुमच्या मूळ शंकेसाठी मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराचंही ऐका. काव्य कशामुळे घडतं? तो तीन गोष्टी मोजतो: जन्मजात शक्ती, लोक-शास्त्र-काव्य पाहून आलेली निपुणता आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. मोजतो तीन, पण ‘हेतु’ हा शब्द एकवचनी वापरतो. तिन्ही मिळून एकच कारण. तुमच्या गोष्टीतले दोघे मित्र त्या तिघांपैकी एकेकाचं शेपूट धरून भांडतायत.

लयवेडी:
मम्मट कवींबद्दल बोलतोय. कवी खोडून पुन्हा लिहू शकतो. मला वाजवताना खोडरबर कुठे मिळतं?

कोशकीडा:
हा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात आला नव्हता.

कानसेन:
मग त्या क्षणासाठीचा आपला शब्द आहेच की: ‘उपज’. गाता-वाजवता तिथल्या तिथे सुचलेलं. आणि गंमत म्हणजे ‘उपजत’ही त्याच ‘उपजणे’तून आलाय. एक जन्माबरोबर उपजलेलं, दुसरं तालाच्या या आवर्तनात उपजलेलं. लोक वाद घालतात पहिल्यावर. मला वाटतं, मैफलीत ऐकू येतं ते दुसरं. पोटात काय घेऊन जन्मलात हे मला तिसऱ्या रांगेतून कसं दिसणार?

लयवेडी:
उपज घरून बांधून आणता येते बरं का. कायद्याचे (ठरलेल्या बोलरचनेचे) पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या फिरवाफिरवी, पाठ करून ‘आत्ता सुचले’ असा चेहरा करायचा. सवाल-जवाब आधी ठरवून घ्यायचा. श्रोते खूश.

कानसेन:
मग खरी कशी ओळखायची?

लयवेडी:
चूक झाल्यावर. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली की बघा. एक जण गडबडतो, एक जण हसून सोडून देतो, आणि एक जण त्या हुकलेल्या मात्रेलाच धरून अशी तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) बांधतो की चूक मुद्दाम केली असं वाटावं. एकदा माझ्या गुरूंनी हे केलं. नंतर मी विचारलं, ‘मुद्दाम होतं का?’ तर म्हणाले, ‘पहिली मात्रा नव्हती.’

पांढरी पाच:
वा! यावर दुसरं काही लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिहितो. शार्ङ्गदेव गायकांचे पाच प्रकारही देतो. त्यात दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करणारा ‘अनुकार’ आणि गीतात स्वतःची भर घालून ते वरच्या पायरीला नेणारा ‘भावक’ असे दोघे आहेत. आपण बालकलाकारांना ‘टॅलेंटेड’ म्हणतो ते बहुतेकदा अनुकार असतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. कुमार गंधर्व (जन्म १९२४) लहानपणी थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचे. ‘गंधर्व’ ही पदवीही त्या वयातलीच. मग गुरू बी. आर. देवधर मास्तरांकडे शिकणं, मग क्षय, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्यानंतर जे गाणं आलं ते कुणाचीच नक्कल नव्हतं. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचंही (१८५५–१९४६) तसंच. आवाज गेला, आणि पुढे घडवलेली पेचदार गायकी त्या बदललेल्या आवाजातून उभी राहिली. शारीर हातचं गेल्यावरही जे शिल्लक राहिलं, त्याला नाव काय द्यायचं?

कानसेन:
‘नाद’ द्या. मराठीइतका बेरकी शब्द नाही. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे वेड. ‘त्याला गाण्याचा नाद आहे’ म्हटलं की दोन्ही आलं.

कोशकीडा:
सुंदर, पण भाषांतरात चालणार नाही. ‘हा वादक खरोखर नादी आहे का’ असं लिहिलंत तर वाचक भलताच अर्थ घेईल.

‘गुणी’बद्दल राहिलंच. जयपूर दरबारात कलावंतांच्या खात्याला ‘गुणीजनखाना’ म्हणत, इतका तो भारदस्त शब्द होता. आता छापील परिचयात ‘गुणी’ आला की पुढे ‘परंतु उपेक्षित’ येणार हे गृहीत धरावं. आणि नवोदितांसाठी ‘चुणूक’ विसरू नका. ‘प्रतिभेची चुणूक दिसते’ यात स्तुतीही होते आणि पुढचा दरवाजा अर्धा उघडा राहतो.

तंबोरा:
एका शब्दाचा हट्ट सोडला. वाक्यच फिरवलं: ‘त्याचा हात तयार आहे, यावर दोघांचंही दुमत नव्हतं. भांडण होतं ते उपजवरून.’

कोशकीडा:
उपज स्त्रीलिंगी आहे. ‘उपजेवरून’.

लयवेडी:
आमच्या क्लासमध्ये सगळे ‘उपजवरून’च म्हणतात.

कोशकीडा:
म्हणू देत. छापताना ‘उपजेवरून’.