बायबलमधल्या लूक 14:26 मधला 'द्वेष' आईला कसा समजावू?

रविवारचा पाठ घरी मोठ्याने वाचत होतो, आईबापाचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही हे वाक्य आलं आणि आई पोळी लाटता लाटता थांबली, म्हणाली हे येशू म्हणाला? मला उत्तरच सुचेना.

पानमळा: मत्तय 10:37 वाच, तिथे 'माझ्यापेक्षा जास्त प्रीती' असं आहे. यहुदी बोलण्यात द्वेष म्हणजे कमी प्रेम, उत्पत्ती 29 मधे लेआचं तेच, याकोबाच्या दोन बायका, राहेलवर जास्त प्रीती म्हणून लेआ 'नावडती'.

जुनाखांब: बरोबर, पण एवढं मऊ पण करू नका राव. पुढेच बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे, आधी बसून खर्चाचा हिशोब कर. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, तर त्यांच्या बायको लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग 1900 मधे त्यांनीही घेतला. खर्च म्हणजे हा.

पानमळा: मान्य. पण वधस्तंभावरून आईला शिष्याच्या हवाली करणारा पण येशूच ना, योहान 19. आणि 'हे कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे' असं म्हणून आईबापाला मदत टाळणाऱ्यांना मार्क 7 मधे चांगलंच झापलंय.

प्रश्नकर्ता: योहान 19 वाचून दाखवला. आई म्हणे मग ठीक आहे, आता तूप आण.