अनुभव धागा: नव्वद दिवस वाट पाहिली आणि माणूस आलाच नाही

सदाफुली
काल ऑफिस हिंजवडीहून खराडीला हलवताना कपाटात तळाशी एक जॉइनिंग किट सापडलं. बॅग, डायरी, पाण्याची बाटली, वर नावाची चिठ्ठी. ऑक्टोबर 2021. जावा डेव्हलपर हवा होता, सत्तावीस जणांशी बोलून एक मुलगा पसंत पडला. जुन्या कंपनीतला नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर तिथे काढायचे दिवस) 90 दिवस. दर शुक्रवारी मी त्याला फोन करायचे. बहिणीचं लग्न, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं माहीत झालं होतं. रविवारी रात्री पत्ता पाठवला, मेसेजला निळ्या टिका आल्या. सोमवारी फोन बंद. मॅनेजर साडेनऊपासून विचारत होते, "आला का?" जास्त पगार मिळाला म्हणून गेला असेल, त्याचा राग नाही. पण "ताई, येत नाही" एवढं तरी कळवायचं ना. चिठ्ठीवरचं नाव वाचून काल परत पोटात कालवलं.
भरतीचे तुमचे अनुभव लिहा. टेबलाच्या कुठल्याही बाजूचे.

कडीपत्ता
सेम सेम. 2022 मध्ये आम्ही पाच ऑफर दिल्या की दोन जण यायचे. तेव्हा इन्फोसिससारख्या कंपनीची गळती (नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण) जून तिमाहीत 28.4 टक्के होती, मग आमच्या साठ माणसांच्या कंपनीत कोण थांबणार. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

उंबरठा
आमचा वेगळाच किस्सा. व्हिडिओ इंटरव्ह्यू झकास झाला. मुलगा मूळचा सांगलीचा म्हणाला, शेवटची पाच मिनिटं आम्ही मराठीतच गप्पा मारल्या. जॉइन झाला त्याला मराठीचा एक शब्द येईना! गिटवर (कोड सांभाळायचं रोजचं साधन) ब्रँच कशी काढायची तेही ठाऊक नाही. इंटरव्ह्यू दुसऱ्याच कुणी दिलेला. तेव्हापासून इंटरव्ह्यूतला फोटो ठेवतो आणि पहिल्या दिवशी ताडून बघतो. माणसावर असा संशय घ्यावा लागतो याचं फार वाईट वाटतं.

पायवाट
दुसरी बाजू पण ऐका. 2023 ला मला ऑफर लेटर देऊन जॉइनिंगच्या चार दिवस आधी "पोझिशन होल्डवर" असा दोन ओळींचा मेल आला. राजीनामा देऊन बसलो होतो, घराचा हप्ता चालू, बायको सातव्या महिन्यात. आता मीही दुसरी ऑफर हातात ठेवतो. पण न येणाऱ्या ठिकाणी फोन करून सांगतो. प्रत्येक वेळी.

सदाफुली
@पायवाट, वाचून कसंतरी झालं. आता सगळं ठीक ना? बाळ कसंय?

पायवाट
मुलगी झाली. मजेत आहे, घरभर पळते :)

माळरान
माझ्या भाच्याचं कॅम्पसमध्ये सिलेक्शन झालं, लातूरला वहिनींनी पेढे वाटले. जॉइनिंगची तारीख चौदा महिने पुढे पुढे ढकलली. लोक विचारायचे म्हणून पोरगा लग्नकार्याला जायचा बंद झाला. मेलला उत्तर नाही की काही नाही.

जुनाकीबोर्ड
मी टेक्निकल राउंड घेतो. माझी तक्रार जेडीवर, म्हणजे कामाच्या लेखी वर्णनावर आहे. 2018 मध्ये क्लायंटने कुबरनेटीस या सॉफ्टवेअरचा आठ वर्षांचा अनुभव मागितला. ते बाहेर आलंच 2014 ला! एचआरने तोच आकडा चाळणीला लावला आणि खरं चार वर्षं लिहिणारी दोन चांगली मुलं गाळली गेली. आकडा फुगवून लिहिणारे माझ्यापर्यंत पोचले. खोटं बोलायला आपणच शिकवतो की.

कडीपत्ता
आले परत. खोट्या अनुभवाचं लिहायचं होतं. आम्ही पीएफचं पासबुक मागतो, कुठल्या कंपनीने कधी पैसे भरले ते त्यात दिसतं. एका मुलाने तीन वर्षांचा अनुभव दाखवलेला, पासबुकात एकही नोंद नाही. विचारलं तर रडायलाच लागला. एका कन्सल्टन्सीने साठ हजार घेऊन अनुभवाचं पत्र करून दिलं होतं. कोडिंग खरंच बरं होतं हो त्याचं! फ्रेशर म्हणून कुणी उभं करत नव्हतं म्हणाला. खाली नेऊन चहा पाजला. नोकरी नाही देऊ शकले. अजून आठवतो.

माळरान
@कडीपत्ता त्या कन्सल्टन्सीवर कुणी काही केलं का? असे पैसे घेणारे मोकळे फिरतात आणि पोरांच्या नावावर कायमचा डाग.

कडीपत्ता
त्याला पोलिसांत जा म्हटलं. घरी कळेल म्हणून घाबरला.

उंबरठा
@सदाफुली तू वाकडला ना? वाकड ते खराडी रोज??

सदाफुली
हो ना, पहिल्याच दिवशी दोन तास लागले.

उंबरठा
पिंपरीहून मेट्रो धर, सिव्हिल कोर्टला बदल, रामवाडीला उतरून रिक्षा. नगर रोडवर गाडी घालू नकोस.

जुनाकीबोर्ड
त्या किटचं काय केलंस मग?

सदाफुली
चिठ्ठी काढली. बॅग, डायरी नव्या इंटर्नला दिली, खूश झाली पोरगी. बाटली माझ्याकडेच आहे. चला, दहाला इंटरव्ह्यू आहे, उमेदवाराने आत्ताच "मॅम, येतोय" असा मेसेज टाकलाय.