मदत हवी आहे: इंदूर, आत्याच्या चार मांजरांसाठी घर

नमस्कार मंडळी, इंदूर-महू-देवास भागात कोणी मांजरवाले असाल तर प्लीज वाचा.

माझी आत्या रामबागेत एकटी राहायची, वय ७३. मागच्या महिन्यात पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं अजून नीट फुटत नाही. आता तिला विजयनगरला दादाच्या फ्लॅटवर आणलंय, पण तिथे वहिनीला दमा आहे, माझ्या कपड्यांवरच्या केसांनीसुद्धा तिला पंप घ्यावा लागतो, त्यामुळे तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. रामबागेतलं घर भाड्याचं, महिनाअखेर रिकामं करायचंय.

चिंगी आणि ठकी सख्ख्या बहिणी, झोपतात पण एकमेकींच्या अंगावर, त्या जोडीनेच द्यायच्यात. गोधडी तिरंगी, तीन वर्षांची, हिला सगळे मागतात. आणि बंडू, अकरा वर्षांचा बोका, एक कान फाटका, ह्याला कोणी मागत नाही. नसबंदी सगळ्यांची झालीये.

मी रोज ऑफिसच्या आधी सुदामानगरहून जाते, आत्यासारखाच स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवते, तिघी धावत येतात, बंडू पलंगाखालून नुसता बघतो.

वॉट्सॅपवर फोटो टाकले तर फोन आले, नाही असं नाही. एकाला गोडाऊनमधे उंदरांसाठी हवी होती. एकाला तिरंगी बोकाच पाहिजे (भिया, तिरंगी जवळजवळ नेहमी मादीच असते, हे समजवण्यात माझी वीस मिनिटं गेली). दादाचा मित्र म्हणे पोत्यात घालून मच्छीबाजारात सोडून या, खातील-पितील. त्याला सांगितलं की १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात असं उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे, तर हसला.

आता विचारायचं हे की बंडूसारख्या म्हाताऱ्या बोक्याला घर मिळतं का, की उगाच आशा लावून बसू? तो हल्ली पाणी पण फार पितो. दुसरं, आत्याच्या कालनिर्णयवर बारीक अक्षरात "बं. रे.", "गो. रे." लिहिलंय, ते रेबीजचं इंजेक्शन असणार, पण मधेमधे "जं ४" आहे ते काय? तिला विचारलं तर डाव्या हाताची चार बोटं दाखवते. आणि मेन म्हणजे मांजरं देऊन टाकणार हे तिला सांगायचं का? दादा म्हणतो नको, बीपी वाढेल.

प्रतिसाद: जं म्हणजे जंत! चौघांना जंताचं औषध. आमच्याकडे पण साधारण तीन महिन्यांनी देतो.

प्रतिसाद: ताई, मी महूला असते. बंडूचं आधी रक्त तपासून घ्या. म्हातारं मांजर फार पाणी पीत असेल तर किडनी, शुगर, थायरॉइड काहीही असू शकतं, आणि घेणाऱ्याला ते आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर महिन्याभरात परत आणून सोडतील. इथे व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात दाखवता येईल. देताना घर स्वतः बघून या, बाल्कनीला जाळी आहे का ते बघा. नव्या घरी पहिले दोन आठवडे एकाच खोलीत ठेवायला सांगा, सोबत जुन्या माणसाच्या वासाचं काहीतरी द्या, धुवू मात्र नका. दोन दिवस खाल्लं नाही तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, मांजरांचं लिव्हर बिघडतं उपाशी राहून. चिंगी-ठकीला बघायला मी रविवारी येऊ का?

प्रतिसाद: आत्याला सांगा हो. ती आजारी आहे, लहान नाही.

धागाकर्ती: थँक्यू सगळ्यांना. जंताचं बरोबर निघालं, कालनिर्णयवर तीन-तीन महिन्यांचंच अंतर आहे, आणि पुढचं पंधरा दिवसांनी येतंय. महूच्या ताई, रविवारी नक्की या, पोहे खाऊनच जा.

काल रात्री आत्याला सांगितलं, दादा बाहेर गेला होता तेव्हा. रडली थोडी. मग मी ते वासाचं सांगितलं तर डाव्या हाताने उशीची खोळ ओढायला लागली, मला वाटलं उशी टोचतेय, नीट करायला गेले तर माझा हात ढकलला. खोळ काढून माझ्या पर्समधे कोंबली आणि म्हणाली "बं".

शनिवारी बंडूला रक्ताला नेतेय. त्याच्यासाठी अजून कोणाचाही फोन नाही.