पहिल्या आरसी विमानात जायरो असावा की नसावा?

समोरचा_वारा

रिमोटवर उडणारं पहिलं विमान घेऊ पाहणाऱ्याला हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो: आपोआप सरळ होणारं, जायरोवालं (म्हणजे विमानाचं हलणं ओळखून ते सावरणारं उपकरण बसवलेलं) घ्या, बाकी काही बघू नका. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडतो, खोडून काढायचं असेल तर जरूर काढा.

बाजारात मिळणारे जायरो ढोबळमानाने दोन तऱ्हेने काम करतात. पहिली तऱ्हा म्हणजे नुसते धक्के शोषणं. झुळकेने पंख हलला की आतला सेन्सर ते ओळखतो आणि सर्व्होला (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरला) हुकूम देऊन ती हालचाल दाबून टाकतो. पण तुम्ही रिमोटची स्टिक देऊन विमान कलवलं तर ते कलतं आणि कललेलंच राहतं. याला माझी हरकत नाही. दुसऱ्या तऱ्हेत स्टिक सोडली की विमान आपणहून सरळ होतं, आणि ठरावीक कोनापलीकडे ते तुम्हाला कलवूच देत नाही. भांडण आहे ते याच्याशी.

वळण कसं घेतात ते बघा. उजवीकडे जायचं तर विमान उजवीकडे कलवायचं, हवा तेवढा कल आला की स्टिक मध्यावर आणायची, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) किंचित ओढून नाक पडू द्यायचं नाही, आणि वळण संपवायला डावीकडे स्टिक देऊन पंख सरळ करायचे. आपोआप सरळ होणाऱ्या विमानात यातलं काहीच नाही. उजवीकडे दाबून धरा, वळून झालं की सोडा. आठवडेच्या आठवडे हाताला हेच वळण लागतं. मग ज्या दिवशी तो मोड बंद होतो, त्या दिवशी गडबडलेला माणूस सवयीने स्टिक सोडतो. विमान कललेलंच राहतं, नाक खाली जातं, वेग वाढतो, वळण आणखी आवळत जातं आणि विमान गिरकी घेत जमिनीत जातं. घाबरलं की हात सोडायचा, हे हाताच्या अंगवळणी पाडणारं विमान नवशिक्याच्या हाती देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

माझी शिफारस: पंख धडाच्या वर असलेला फोमचा ट्रेनर (शिकाऊ विमान), चार चॅनेल (म्हणजे चार स्वतंत्र कंट्रोल), जायरोशिवाय. आधी सिम्युलेटर, आणि मैदानावर शेजारी जाणतं कुणीतरी.

फोमचा_पंख

साफ असहमत.

'शेजारी जाणतं कुणीतरी' ही अट तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण सगळा प्रश्न तिथेच आहे. कितीतरी लोक एकट्याने शिकतात. एकट्याच्या पहिल्या उड्डाणात काय होतं? एका हातात विमान, दुसऱ्यात ट्रान्समीटर (रिमोट). विमान सोडल्यावर रिकामा झालेला हात स्टिकवर जाईपर्यंत वेळ जातो. विमानाचं ट्रिम (स्टिकला हात न लावता सरळ उडावं म्हणून करायची बारीक जुळवणी) अजून झालेलं नाही. मोटर पूर्ण जोरात, प्रोपेलरच्या फिरण्याची प्रतिक्रिया म्हणून विमान सहसा डावीकडे कलू लागतं, आणि उंची माणसाच्या डोक्याएवढी. पुष्कळ पहिली विमानं याच काही सेकंदांत मोडतात. जायरो नेमके हे सेकंद निभावून नेतो. मूल पांगुळगाडा धरून चाललं म्हणून जन्मभर तो घेऊन फिरत नाही.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तुम्ही सुचवलेल्या ट्रेनरचे पंख बहुधा टोकांकडे वर उचललेले असतात. तो डायहेड्रल कशासाठी असतो? एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखावर हवा जास्त कोनात येते, त्याची उचल वाढते आणि विमान आपणहून सरळ होतं. म्हणजे स्टिक सोडली की सरळ! फोमने केलं तर ते चांगलं आणि सेन्सरने केलं तर वाईट सवय, हे कसं?

पहिलंच_विमान

अजून काही घेतलेलं नाही, सिम्युलेटरवर सराव चालू आहे. तीन चॅनेल की चार, हे कुणी नीट सांगेल का? आणि विमान माझ्या दिशेने येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा स्टिक कुठे द्यायची ते पटकन सुचत नाही. त्यासाठी काही युक्ती?

बाल्सा_आणि_ब्लेड

युक्ती सोपी आहे. विमान तोंडावर येत असेल तेव्हा विमानाचं डावं-उजवं विसरा. तुम्हाला जो पंख खाली दिसतो, त्याच बाजूला स्टिक द्या, त्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखी. विमान सरळ होईल. हे हातात बसलं की विचार करावा लागत नाही.

तीन चॅनेलमध्ये थ्रॉटल (मोटरचा जोर), एलिव्हेटर आणि रडर (नाक डावं-उजवं वळवणारा शेपटीचा उभा भाग) एवढंच असतं, एलेरॉन (विमान कलवणारे पंखांचे हलते भाग) नसतात. रडरने नाक वळलं की डायहेड्रलमुळे पंख मागोमाग कलतो. संथ, सोशिक विमान. पण वारा थोडा वाढला की हाल होतात, आणि आडव्या वाऱ्यात उतरताना पंख नेमका धरता येत नाही. तुमच्याकडे वारा पडलेली सकाळ-संध्याकाळ आणि मोकळं मैदान असेल तर तीन घ्या, नाहीतर चार. तीन घेतलं तर एक पाहा: मोड २ च्या (थ्रॉटल डाव्या स्टिकवर असलेल्या) ट्रान्समीटरवर वळायचा कंट्रोल उजव्या स्टिकवर हवा. पुढे एलेरॉनही त्याच स्टिकवर येतात, म्हणजे हाताला नव्याने शिकवावं लागत नाही.

जायरोच्या वादात मी समोरचा_वारा यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 'गफ' नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. त्या काळी स्टिक जेवढी हलवावी तेवढाच रडर हलावा, अशी सोय नव्हती. त्यामुळे विमान मुळातच स्थिर बांधावं लागे. ते बांधताना माणूस डायहेड्रल, शेपटीचं क्षेत्रफळ, गुरुत्वमध्य (वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) हे सगळं शिकत असे. जायरो असला की हे शिकायचं राहून जातं. हातात ब्लेड धरून एकदा तरी विमान बांधावं, असं मी आजही प्रत्येकाला सांगतो.

फोमचा_पंख

बांधण्याचा आनंद मान्य. पण ज्याला उडवायचंय त्याला आधी बांधायला बसवलं तर तो बाल्सा लाकडाच्या पट्ट्यांतच अडकून पडेल. फोम तुटला तर गोंद लावून त्याच दिवशी परत उडतो. (गोंद बघून घ्या. साधा सुपरग्लू थर्मोकोलला खाऊन टाकतो. ईपीओ, ईपीपी फोमला तो चालतो.)

समोरचा_वारा

डायहेड्रलचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर देतो.

डायहेड्रल सावकाश काम करतो. त्याला वेग लागतो, उंची लागते, आणि कल फार झाला तर तो पुरा पडत नाही. म्हणजे विमान सांभाळून घेतं, पण त्याची किंमत तुमच्या डोळ्यांसमोर उंचीत मोजतं. शिकणाऱ्याला ती किंमत दिसते, म्हणून पुढच्या वेळी हात आधी हलतो. सेन्सर हे सगळं झाकून टाकतो.

आणि तो आणखी घातक गोष्टी झाकतो. समजा बॅटरी मागे सरकली आणि विमान शेपटीकडे जड झालं. साधं विमान सुटल्या क्षणी चुगली करतं: नाक वर-खाली करतं, एलिव्हेटरला जरा हात लावला की उसळतं. नवशिका घाबरतो, उतरवतो, बॅटरी पुढे सरकवतो. जायरोवालं तेच विमान हवेत गुणी दिसतं, कारण सर्व्हो सतत एलिव्हेटर सावरत असतो. मग उतरायची वेळ येते. वेग कमी होतो, एलिव्हेटरवरून जाणारी हवा मंदावते, सावरायला जोर उरत नाही. जे सुरुवातीलाच कळायला हवं होतं ते जमिनीलगत कळतं.

मैदान_मोकळं

दोघांचं वाचलं. मी नवख्यांना शिकवतो, ट्रेनर केबलने किंवा वायरलेस जोडणीने दोन ट्रान्समीटर जोडून. विमान हाताबाहेर गेलं की बटण सोडून ताबा माझ्याकडे घेतो. ही सोय मिळत असेल तर जायरोची गरज नाही, इथे समोरचा_वारा बरोबर आहेत. नसेल तर फोमचा_पंख बरोबर आहेत.

पण गुरुत्वमध्याचा दोष जायरोच्या माथी मारू नका. तो जमिनीवरच तपासायचा असतो. साध्या सरळ पंखाच्या ट्रेनरमध्ये तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांत असतो; माहितीपुस्तिकेत दिलेल्या जागी पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचला, नाक किंचित खाली झुकलेलं हवं. बॅटरी बसवून तपासा, तिच्याशिवाय नाही.

आणि जायरो घेणाऱ्यांनी उडवण्याआधी दर वेळी हे करावं. बॅटरी जोडल्यावर विमान काही सेकंद सपाट जागेवर स्थिर ठेवा, सेन्सर तेवढ्यात स्वतःला जुळवून घेतो. मग थ्रॉटल बंद असल्याची खात्री करून, प्रोपेलरच्या वाटेतून हात बाजूला ठेवून विमान उचला आणि उजवीकडे कलवा. उजवा एलेरॉन खाली आणि डावा वर जायला हवा. नाक खाली केलं की एलिव्हेटर वर उचलायला हवा. उलटं होत असेल तर उडवू नका. उलट दिशेचा जायरो विमानाला सरळ करण्याऐवजी आणखी लोटतो, आणि तुम्ही स्विच शोधेपर्यंत खेळ संपलेला असतो.

ढगाखाली

सिम्युलेटरवर सगळे एवढा भरवसा टाकताहेत, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. डावं-उजवं उलटं होण्याचा सराव तिथे उत्तम होतो, वाद नाही. पण पुष्कळ सिम्युलेटरांत विमान लांब गेलं की कॅमेरा झूम करून ते मोठं दाखवतो. खऱ्या आकाशात ते लहान होत जातं, आणि ढगाळ दिवशी पांढऱ्या फोमची नुसती काळी आकृती दिसते. ते येतंय की जातंय हेच कळत नाही. झूम बंद करून सराव करा, आणि विमानाच्या एका पंखाचा खालचा भाग गडद रंगवा. जायरो असो वा नसो, ज्याला विमान कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही त्याला ते परत आणता येणार नाही.

समोरचा_वारा

मैदान_मोकळं यांचं म्हणणं एका अटीवर मान्य करतो. एकट्याने शिकणाऱ्याने मोड स्विचने बदलता येणारं विमान घ्यावं. होरायझन हॉबी कंपनीच्या 'सेफ' या जायरो प्रणालीमध्ये आणि तशा इतर प्रणालींमध्ये ती सोय असते. विमान हातातून सोडताना आपोआप सरळ होण्याचा मोड ठेवावा. चांगली उंची गाठली की तो बंद करून दोन फेऱ्या स्वतः माराव्यात, बिनसलं की परत चालू करावा. पहिल्या दिवसापासून असं केलं तर हाताला चुकीची सवय लागणार नाही.

उतरताना मात्र तो मोड बंदच हवा. थ्रॉटल काढल्यावर साधं विमान आपणहून नाक झुकवतं आणि वेग टिकवून घसरत येतं. तो मोड नाक सरळ धरून ठेवतो. मोटरचा जोर नाही, नाक झुकत नाही, म्हणजे वेग घटत जातो, आणि विमान जमिनीपासून हातभर नाही तर दोन पुरुष उंचीवर स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) धप्पकन पडतं.

फोमचा_पंख

थ्रॉटल पूर्ण काढायला सांगतो कोण? वाऱ्याच्या तोंडावर येताना थोडा थ्रॉटल राहू द्यायचा. उतरण जास्त वाटली तर किंचित वाढवायचा, कमी वाटली तर किंचित काढायचा, आणि जमिनीलगत आल्यावरच बंद करायचा. विमान पंख सरळ ठेवून येतं, नवशिक्याला फक्त थ्रॉटल आणि दिशा बघायची असते. पहिल्या काही लँडिंगना मी तो मोड चालूच ठेवायला सांगेन.

समोरचा_वारा

आणि मैदान संपत आलं, परत वर जायचं आहे, तेव्हा? त्या मोडमध्ये चढाईचा कोनही बांधलेला असतो. मी बंदच ठेवायला सांगेन.

पहिलंच_विमान

चार चॅनेल, पंख वर, प्रोपेलर पंखामागे (नाकावर पडलं तर वाचेल म्हणून), जायरोचे मोड स्विचवर. हे ठरलं. सिम्युलेटरचा झूम बंद केला. लँडिंग मोड चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही तऱ्हांनी आधी बऱ्याच उंचीवर, तिथेच जमीन आहे असं समजून करून बघेन आणि विमान कसं वागतं ते इथे लिहीन.