प्रतिसाद: ‘रगडल्याशिवाय गडी तयार होत नाही’

शाळेच्या संघातल्या रॅगिंगच्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, सीनियरांनी थोडं रगडलं तरच गडी तयार होतो, त्यात शाळेचा काय दोष. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, नववीत कबड्डीच्या संघात होतो. धारवाडला सामन्यांना गेलो की मुक्काम एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये. रात्री दहावीच्या पोरांचे पाय चेपायचे, बनियन धुवायचं, नाही म्हटलं की ओल्या टॉवेलचे फटके. पीटी सर शेजारच्या खोलीत. आवाज ऐकू जात नव्हता म्हणायला भिंत काय किल्ल्याची नव्हती!

तालमीत धाकटे थोरल्यांचं अंग रगडतात हे खरं. पण तिथं वस्ताद समोर बसलेला असतो, आणि थोरलाही धाकट्याला डाव शिकवतो. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं.

रॅगिंग म्हणजे कॉलेजातलं, हा समज चुकीचा. कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ मध्येच रॅगिंगला शिक्षा आहे. प्रकार लैंगिक असेल तर पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्यात, कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. हाताखालच्या कोचनं केलं आणि संस्थाप्रमुखानं दाबलं, तर एक वर्षापर्यंत. ‘शाळेचं नाव जाईल’ हे कारण कायद्यात कुठं बसत नाही.

आमच्या घरी मात्र पहिला प्रश्न, तक्रारीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून कोण देणार? तो कधी लिहिलाच गेला नाही. आता निदान १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन तरी करता येतो.