मदत हवी आहे: स्तनपानाविषयी कर्मचाऱ्यांची मनोवृत्ती कशी मोजावी?

नमस्कार. मी एका लहान खाजगी रुग्णालयात प्रसूतिपश्चात कक्षाची इनचार्ज सिस्टर आहे. बाळाला पहिल्या तासाभरात छातीशी लावावे आणि सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, हे आमच्या सर्वांनाच तोंडपाठ आहे; तरीही सिझेरियननंतर रात्रपाळीत, आईला अजून दूध उतरले नाही असे सांगून, पावडरच्या दुधाची वाटी आणि चमचा बाहेर निघतोच. परवा पहाटे एका आईच्या स्तनाग्रावर चीक, म्हणजे सुरुवातीचे घट्ट दूध, स्पष्ट दिसत असताना हेच घडले, आणि मला फार वाईट वाटले.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या यशस्वी स्तनपानासाठीच्या दहा पायऱ्यांचा, २०१८ मधील सुधारणांसह, तक्ता मी लावला, व्याख्यान ठेवले, आधी व नंतर चाचणीही घेतली. गुण वाढले, वागणूक मात्र बदलली नाही, म्हणून अडचण ज्ञानाची नसून मनोवृत्तीची असावी, असे माझे मत झाले आहे. आयोवा शिशुपोषण मनोवृत्ती मापनश्रेणीची १७ विधाने मी पाहिली आहेत. परंतु ती इंग्रजीत असून आमच्या आयामावशींना, ज्या बाळांना सर्वाधिक हाताळतात, लेखी उत्तरे देणे कठीण जाते. स्तनपान समुपदेशक आमच्याकडे नाही आणि पाळी बदलताना जेमतेम अर्धा तास मिळतो. नावे अर्थातच गुप्त राहतील.

तोंडी विचारता येईल अशी, मराठीत तपासून वापरलेली प्रश्नावली कोणाकडे आहे का, आणि वरिष्ठांना आवडेल तेच उत्तर मावशींनी देऊ नये यासाठी ती कोणी विचारावी?